सात ते नऊ

दुकानाच्या पाटीवर वेळ लिहिली होती नऊ ते सात. पण ताई कुलूप काढायची ते सकाळी सातलाच. एवढ्या लवकर कशाला, असे कोणी विचारले तर झाडलोट, इस्त्री तापवणे, आदल्या दिवसाच्या चिंध्या पोत्यात भरणे अशी दहा कामे ती सांगे, आणि त्यांतले एकही खोटे नसे. खरे काम मात्र त्या यादीत कधी येत नसे. केर काढून झाला की ती दार आतून लोटून घेई, दांडीवर टांगलेले कपडे एकेक करून उतरवी आणि धाकट्या बहिणीने काल दिवसभरात जे शिवले असेल ते खिडकीच्या उजेडात धरून पाही. जिथे शिलाई मनास येत नसे तिथे छोट्या कात्रीने टाके उसवी, पुन्हा शिवी, वरून इस्त्री फिरवी आणि तो कपडा होता त्याच जागी, त्याच तोंडाने टांगून ठेवी. नऊ वाजता धाकटी आत यायची तेव्हा ताईचा चहा उकळत असायचा. असे एकोणीस वर्षे चालले होते.

यात आपण काही लपवाछपवी करतो असे ताईला कधी वाटले नाही. आई गेली तेव्हा ताई सव्वीस वर्षांची होती आणि धाकटी नऊची. त्या दिवसापासून तिची वेणी, तिचे दप्तर, तिचा ताप आणि तिच्या मैत्रिणी या सगळ्यांवर ताईने नजर ठेवली होती. शाळेत एकदा रुमालाला हातशिलाई करून आणायला सांगितली होती. दहा वर्षांच्या पोरीने जीभ दाताखाली धरून चारही कडा शिवल्या. टाके कुठे मुंगीएवढे, कुठे झुरळाएवढे. ती झोपी गेल्यावर ताईने ते उसवून नव्याने घातले. दुसऱ्या दिवशी बाईंनी तो रुमाल सगळ्या वर्गाला दाखवला. पोर घरी आली ती गप्प गप्पच होती. कौतुकाने लाजली असेल, असे ताई धरून चालली.

आता ताई एकसष्ट वर्षांची होती, पण नजर तीच होती आणि तिला पुरेल एवढे जग आसपास होतेच. काज-बटणाचे काम करणारे काका, ज्यांना सगळे काजकाकाच म्हणत, त्यांच्या चहात साखर किती पडायची ते ताई ठरवी. मेहुणे, म्हणजे धाकटीचा नवरा, बायकोला न्यायला आले तर त्यांनी पिशवी कोणत्या खांद्याला अडकवावी, म्हणजे पाठ धरणार नाही, हेही ती सांगे. ते बिचारे दुकानाच्या कोपऱ्यावरच खांदा बदलून मग आत येत. भिंतीवरचे घड्याळ तिने आठ मिनिटे पुढे लावून ठेवले होते, म्हणजे दुकानात कोणी रेंगाळणार नाही. ते सर्वांना ठाऊक होते आणि सगळे मनातल्या मनात आठ मिनिटे वजा करून वागत. कामे वेळेवर होत आणि ताईला आपल्या युक्तीचे समाधान मिळे.

तिच्या मनाची घडी विसकटली ती समोरच्या गाळ्यामुळे. रस्त्यापलीकडे एक घड्याळजी बसत असे. तो काम सोडून मुलाकडे राहायला गेला आणि गाळा रिकामा झाला. एके दिवशी मशीनमध्ये दोरा ओवता ओवता, मान वर न करता, धाकटी म्हणाली की समोरचा गाळा आपण घ्यावा असे तिच्या मनात आहे. कोट आणि बायकांचे कपडे तिथे शिवावेत, बाकीचे इथे राहील. ताईने ते हसण्यावारी नेले. मग दोन दिवस ती कोणाशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गाळ्याच्या मालकाकडे गेली आणि आमच्यापैकी कोणालाही ती जागा नको आहे, असे परस्पर सांगून आली. परतताना तिने स्वतःची समजूत घातली, की पोरीची शिलाई अजून कच्ची आहे. सकाळच्या दोन तासांवाचून तिचे एक गिऱ्हाईक टिकायचे नाही. चार महिन्यांत ती हिरमुसून परत येईल आणि तेव्हाचा तिचा चेहरा आपल्याला बघवणार नाही. ही पोर आता चव्वेचाळीस वर्षांची होती. समजुतीच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे मात्र ताईने पाहिले नाही. धाकटी समोर गेली, तर नऊ वाजता हे दार ढकलून आत कोण येणार होते?

मालकाने ते बोलणे धाकटीच्या कानावर घातले. तिने ताईला एका शब्दानेही विचारले नाही. फक्त चहा पिताना ती आता रस्त्याकडे तोंड करून बसू लागली.

त्याच सुमारास पोस्टातल्या बाई कोट शिवायला आल्या. तिकिटांच्या खिडकीमागे तेहतीस वर्षे काढलेल्या या बाई त्या शुक्रवारी निवृत्त होणार होत्या. दुपारी चारला निरोपाचा कार्यक्रम होता आणि त्यासाठी त्यांना एक चांगला कोट हवा होता. मागच्या वर्षी त्यांना मोठे आजारपण आले होते, एवढे गल्लीला माहीत होते. त्यापलीकडे कोणी विचारले नव्हते आणि त्यांनीही सांगितले नव्हते. माप घ्यायला ताई टेप घेऊन पुढे झाली, तेव्हा बाई म्हणाल्या, “धाकट्या बाई घेतील का?” पडद्यामागे दोघी बराच वेळ हळू आवाजात बोलत होत्या. बाहेर आल्यावर धाकटीने मापाच्या वहीत स्वतःच्या हाताने आकडे लिहिले आणि वही मिटताना ताईला म्हणाली, “हा कोट मी एकटीच बघते. तू यात हात घालू नकोस.”

“मी कधी हात घालते?” ताई म्हणाली, आणि त्या क्षणी तिला ते खरेच वाटत होते.

धाकटीने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिले. काजकाका एकाएकी बटणांचा डबा पालथा घालून निळी बटणे निवडू लागले.

गुरुवारी सकाळी सात वाजता तो कोट दांडीवर टोकाला टांगलेला होता, वरून जुनी चादर घातलेली. ताईने केर काढला. इस्त्री तापवली. चिंध्या भरल्या. मग फक्त बघायचे, असे ठरवून तिने चादर बाजूला केली. गडद निळे, उंची कापड होते. कॉलर सुरेख बसली होती. हे काम धाकटीचे आहे यावर तिचा विश्वास बसेना आणि तिला आनंदही झाला. मग तिने पुढचे दोन्ही भाग समोरासमोर धरले आणि तिच्या कपाळाला आठी पडली. डाव्या बाजूची चुणी उजवीपेक्षा लांब होती, कापडही त्या बाजूला अर्धा इंच जास्त. शिवाय डाव्या अस्तराखाली काहीतरी फुगीर लागत होते. तिने वही उघडून पाहिली. वहीत छातीचे एकच माप होते, डाव्या-उजव्याचा काही उल्लेख नव्हता.

एवढी ढोबळ चूक, तीही आयुष्यात एकदाच येणाऱ्या दिवसाच्या कोटाला. ताईला बहिणीची कीवच आली. गडबडीत झाले असेल. गाळ्याच्या विचारात मन लागत नसेल. तिने अस्तर उसवले. आत मऊ कापडाचे चार-पाच थर एकावर एक ठेवून, बारीक टाके घालून केलेली तळहाताएवढी गादी होती. अस्तर जाड राहू नये म्हणून ती तिने काढली आणि चिंध्यांच्या पोत्यात टाकली. डावी चुणी उजवीसारखी केली, जास्तीचे कापड कापून टाकले, अस्तर पुन्हा लावले. दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या सारख्या झाल्या. नऊ वाजता धाकटी आली तेव्हा कोटावर चादर होती आणि चहा उकळत होता.

शुक्रवारी दुपारी एक वाजता बाई आल्या. केस नीट विंचरलेले, नवे बूट, चेहऱ्यावर परीक्षेला बसलेल्या मुलीसारखा भाव. धाकटीने मागे उभे राहून कोट त्यांच्या अंगावर चढवला आणि पुढे येऊन बटणे लावली. मग तिचे हात थांबले. कोट उजवीकडे नीट उभा राहिला होता. डावीकडे छातीवर मात्र कापड आत बसले होते, रिकाम्या पिशवीसारखे.

बाईंनी आरशात पाहिले. त्यांनी टेबलावरची आपली पर्स उचलली आणि छातीशी डाव्या बाजूला धरली, इतक्या सवयीने की वर्षभर त्या पर्स अशीच धरत आल्या असणार हे ताईला तेव्हा कळले. “छान झालाय,” बाई म्हणाल्या. “मी अशी धरीन. फोटोतही दिसायचं नाही.”

मागच्या वर्षीचे आजारपण, पडद्यामागचे बोलणे, पोत्यात टाकलेली गादी. सगळे एका ओळीत येऊन ताईपुढे उभे राहिले.

धाकटीने कोट काढून घेतला, उलटा केला आणि अस्तराच्या कडेवरून बोट फिरवले. ताईचा टाका कुठेही ओळखू येई. मोजून घेतल्यासारखा सारखा असायचा. तिने ताईकडे पाहिलेसुद्धा नाही. “बाई, चारला अजून वेळ आहे,” ती म्हणाली. “मला दोन तास द्या. पडद्यामागे खुर्ची आहे, बसा. कोणी आत यायचं नाही.” मग तिने पोते ओढले आणि फरशीवर बसून चिंध्या उपसायला लागली.

गादी सापडली. पण कापून टाकलेल्या पट्ट्या पुन्हा जोडण्यासारख्या नव्हत्या. ताई पुढे झाली. कोटाच्या खालच्या दुमडीत दीड इंच माया, जास्तीचे राखलेले कापड, आहे, तिथून तुकडा काढला तर कॉलरच्या पदराखाली जोड लपेल, मी करते, असे ती म्हणत होती आणि तिचे हात आधीच कोटाकडे गेले होते.

“ताई, तू तिथे बाकावर बस,” धाकटी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता.

तो बाक गिऱ्हाइकांचा होता. इतक्या वर्षांत ताई त्यावर कधी बसली नव्हती. तिथून दुकान वेगळेच दिसत होते. मशीनवर वाकलेली बहीण दिसत होती: एक पाय दुमडून घेतलेला, अंगुस्तान बाजूला पडलेले, दोरा दाताने तोडण्याची ती खोड, जिच्यावरून ताईने तिला हजारदा टोकले होते. धाकटीनेही तुकडा खालच्या दुमडीतूनच काढला; पण जोड कॉलरखाली न घेता काखेच्या बाजूला घेतला. ताईचे ओठ उघडले. तिने ते मिटले. पुन्हा उघडले आणि पुन्हा मिटले. शेजारी काजकाका सुईत दोरा ओवत होते. ते हळूच म्हणाले, “बसा हो. माझीही काजं मी तुमच्याकडे पाठ करूनच घालतो. बरी होतात.”

एकदा धाकटी उठून पडद्यामागे गेली, कच्चे टाके घातलेला कोट घेऊन. आतून बाईंचा आवाज आला, “इथे जरा टोचतंय,” आणि मग दोघींचे दबके हसणे. ताईच्या लक्षात आले, की मापे घेताना आपण गिऱ्हाइकाला उभे कसे राहायचे ते सांगतो. ही विचारते.

सव्वातीनला पडदा सरला. बाई आरशासमोर आल्या, पुढून पाहिले, वळून पाहिले. डावी बाजू उजवीइतकीच सहज उभी होती. जोड कुठे आहे हे ताईलाही बाकावरून दिसेना. कॉलरखाली घेतला असता तर बाई वळल्यावर तो ताणला गेला असता, हेही तिला आता दिसले. बाईंनी पर्स घेतली, ती खांद्याला अडकवली आणि दोन्ही हात मोकळे सोडले. एवढेच. मग त्या धाकटीच्या गालाला हात लावून घाईघाईने निघाल्या. दारात त्यांनी बाकाकडे वळून पाहिले. ताई उभी राहिली होती.

“चूक माझी होती,” ताई म्हणाली. “तिची नव्हती.”

बाईंनी मान हलवली. “धाकट्या बाईंनी ती गादी घरी तीनदा करून पाहिली होती म्हणे,” त्या म्हणाल्या आणि पायरी उतरल्या.

काजकाकांना एकाएकी दोऱ्याची रिळे आणायची आठवण झाली आणि ते बाहेर पडले. दुकानात दोघी बहिणी उरल्या. धाकटीने चहा ठेवला. ताईला वाटले होते, आता ती बोलेल, मनातले सगळे बाहेर काढेल. पण तिने कप ताईच्या हातात दिला आणि बाकावर तिच्या शेजारी बसली.

“तुला माहीत होतं?” ताईने विचारले.

“पहिल्या महिन्यापासून. सकाळी आले की मी शिवलेले कपडे गरम लागायचे. आणि टाके काय, तुझे ते.” धाकटी कपाकडे पाहत होती. “मला वाटायचं, तुझं समाधान होतंय, होऊ दे. रागही यायचा. मग नंतर नंतर मी सैल पडले. म्हटलं, नाही तरी सकाळी उसवणारच आहे, कशाला जीव टाकायचा?”

ताईने कप बाकावर ठेवला.

“मला एवढंच वाईट वाटतं, ताई,” धाकटी म्हणाली, “की एकोणीस वर्षं झाली, पण मी शिवलेलं माणसाच्या अंगावर कसं बसतं, ते मला आज पहिल्यांदा कळलं.”

ताईला तो रुमाल आठवला. शाळेतून गप्प गप्प आलेली दहा वर्षांची पोर आठवली. ती लाजली नव्हती. ताईने धाकटीच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. एरवी तिच्या कपड्याची सुरकुती सरळ केल्यावाचून तो हात उठला नसता.

दुसऱ्या दिवशी ताईने मोठ्या मनाने एक निर्णय घेतला आणि पायांत चपला सरकवल्या. गाळ्याच्या मालकाकडे जायचे, जागा धाकटीला द्या म्हणून सांगायचे, मात्र आधी खिडकी मोठी करून घ्यायची, मशीन डाव्या भिंतीला लागेल अशी सोय करून घ्यायची, आणि पाटी कोणत्या रंगाची असावी तेही. पायरीवर काजकाकांनी विचारले, कुठे निघालात? तिने सांगितले. काका बराच वेळ डोके खाजवत राहिले. “म्हणजे आधी नको म्हणून तुम्हीच सांगितलंत,” ते म्हणाले, “आणि आता हवा म्हणूनही तुम्हीच सांगणार?”

ताई पायरीवर उभी राहिली. एक सायकल गेली, दुसरी गेली. मग तिने चपला काढल्या आणि ती आत आली. धाकटीला एवढेच म्हणाली, की मालकाला मी सांगितले होते ते माझे म्हणणे होते; तुझे तू ठरव.

सकाळी सातची जाग मात्र गेली नाही. तिला दोन तास पुरून उरत. कपडे दांडीवर टांगलेले असत आणि छोटी कात्री खिशात असे. एकदा तर हात आपोआप उसवू लागला होता, तेव्हा तिने कात्री काजकाकांच्या डब्यात टाकून दिली. एका शर्टाचा खिसा खरोखरच तिरका लागला होता. ती त्या खिशासमोरून दिवसभर येत-जात राहिली, दात दुखत असल्यासारखी. शर्ट तसाच गेला. तीन दिवसांनी गिऱ्हाईक खिसा दाखवायला परत आले. धाकटी लाल झाली, तिने माफी मागितली, समोर बसवून खिसा नीट लावून दिला. माणूस हसत गेला आणि पुढच्या आठवड्यात आणखी कापड घेऊन आला. त्यानंतर धाकटीचा एकही खिसा तिरका गेला नाही. हे सगळे आपल्यावाचून झाले, याचे ताईला थोडे वाईटही वाटले. ते तिने कोणाला सांगितले नाही. भिंतीवरचे घड्याळ तिने बरोबर लावले, तर काजकाका सवयीने आठ मिनिटे वजा करून जेवायला उशिरा उठले आणि संध्याकाळपर्यंत कुरकुरत राहिले.

दोन महिन्यांनी धाकटीने गाळा घेतला. पाटी ताईच्या मते फार पिवळी होती. मशीन उजव्या भिंतीला होते. ताईने आपल्या दारातून हे पाहिले, आत येऊन इस्त्री तापवली आणि दुपारपर्यंत त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. नऊ वाजता आता तिचे दार कोणी ढकलत नसे. तरी बरोबर नऊला समोरचे कुलूप निघे, आणि कुलूप काढायच्या आधी धाकटी वळून हात करी. चहा ताई अजून दोघींचाच टाके. पहिले काही दिवस दुसरा कप काजकाका बिनतक्रार पीत. पुढे धाकटीच रस्ता ओलांडून येऊ लागली. कधी येई, कधी कामात विसरे.

थंडी पडायला लागली तेव्हा एका दुपारी ताईने तपकिरी कापडाचा तुकडा कागदात गुंडाळला आणि रस्ता ओलांडला. गाळ्यात दोन गिऱ्हाइके होती. ती बाकावर बसून राहिली. तिची पाळी आल्यावर तिने कापड टेबलावर ठेवले आणि म्हणाली, “कोट शिवायचाय. माझा.”

आजवर ताईचे कपडे ताईनेच शिवले होते. धाकटीने कापड उलगडले, बोटांत घेऊन पाहिले आणि टेप गळ्यात टाकला. “ये, आरशापुढे उभी राहा.”

“कशी?”

“जशी उभी राहतेस तशी.”

टेप थंड होता. धाकटीचे हात पाठीवरून, मनगटावरून, मानेच्या मागून फिरत होते. अशीच धाकटीच्या मानेमागे, तिच्या लहानपणी, ताई वेणी घालताना बोटे अडकवत असे. आता उंचीचा फरक उलटा झाला होता. “कॉलर, खिसे, लांबी,” धाकटीने विचारले, “काही सांगायचंय का?”

कॉलर अरुंद, खिसे आतून, लांबी गुडघ्याच्या चार बोटे वर. सगळे ताईच्या जिभेवर तयार होते. ती म्हणाली, “तुला दिसेल तसं कर. मी घालून बघायला येईन.”

धाकटीने डाव्या खांद्यावर टेप ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. मग उजव्यावर ठेवला आणि तिथेच लोंबता सोडला. वहीत तिने एकाखाली एक दोन वेगळे आकडे लिहिले आणि वही तशीच उघडी ठेवली. ताईने आरशात पाहिले. चाळीस वर्षे इस्त्रीवर वाकून तिचा उजवा खांदा चांगला अर्धा इंच उतरला होता. तो तिला आजवर दिसला नव्हता. हात आपोआप खांदा उचलून सारखा करायला निघाला होता. पण धाकटीचा टेप अजून तिथे होता, म्हणून तिने खांदा होता तसाच राहू दिला.